सँडलचा पट्टा

मूल गावच्या बसस्टँडवर ती माइकवर गाड्या पुकारते. मी शेजारच्या टेबलावर पास काढून देतो. एक गाडी पुकारून झाली की ती सँडलचा पट्टा लावायला वाकते. पट्टा लावलेलाच असतो.

"मी बोलली का माहाच आवाज कानात घुमते, भाऊ. मुंडकं खाली केलं तं थांबते."

कानाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, उपाशी राहून वजन फार उतरलं, म्हणून कानातली नळी उघडी राहते, खायला लागा. तरी डबा भरलेलाच परत जायचा. "चावलं तं तेही वाजते," म्हणायची.

काल तिनं तांदळाची पेज आणली. पेज चावावी लागत नाही. पेला हातात धरून, मान झुकवून ती एकेक घोट घेत होती.

खिडकीशी एक म्हातारा आला. "बाई, चंद्रपूरची लागली काय?"

"थांबा, बाबाजी," मी म्हणालो. "बाई जेवून राह्यल्या."