पिटुकलीच्या कोटाचे लाल बटण

मंगळवार, ९ नोव्हेंबर. सकाळी धुके. परदेशात मुलीकडे राहायला येऊन आज बरोबर पाच महिने. मी शिकवायला जाते त्या केंद्रात एकोणीस मुले. अकरा निर्वासित, आठ इथलीच. पिटुकलीने अखेर कोट काढून खुंटीला अडकवला. माझ्यासाठी नव्हे, इस्त्रीवालीसाठी.

शेवटचे वाक्य लिहिताना पेन कागदात रुतले. तो खड्डा वहीत अजून दिसतो.

इस्त्रीवाली हे नाव मीच ठेवले, आणि प्रेमाने नाही. नवव्या वर्षी तिची शाळा सुटली, सोळाव्या वर्षी ती एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागली आणि चौतीस वर्षे तिथेच राहिली. हातांवर भाजल्याचे डाग, आवाज यंत्रांच्या घरघरीवर मात करणारा. काम सुटल्यावर घर खायला उठले, म्हणून ती ग्रंथालयाच्या तळघरातल्या आमच्या केंद्रात विनामोबदला येऊ लागली. आल्या दिवसापासून मुले तिच्याच मागे!

मी मात्र महिनाभर खपून एकोणीस कोटांच्या कॉलरींत पांढऱ्या पट्ट्या शिवल्या होत्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलेल्या टाक्यांनी, प्रत्येक पट्टीवर मुलाचे पूर्ण नाव. तरी रोज सुटताना कोटांची अदलाबदल आणि रडारड. सहा वर्षांची पिटुकली तर कोट अंगावेगळा करतच नसे. छावणीत तिने काढून ठेवलेला कोट कुणीतरी नेला होता.

इस्त्रीवालीने पट्ट्या पाहिल्या आणि खो खो हसली. "अहो बाई, अक्षर छापल्यासारखं आहे तुमचं. पण वाचणार कोण? पोरं अजून मुळाक्षरंच गिरवताहेत!"

"शिकतील की."

"तोवर थंडी थांबणार आहे का? लाँड्रीत लागले तेव्हा मलाही धड वाचता येत नव्हतं. वॉर्डागणिक वेगळ्या रंगाचा दोरा घालायचे. एक चादर चुकली नाही कधी."

तिने प्रत्येक कोटाच्या छातीवर वेगळे बटण लावले आणि तसेच दुसरे त्याच्या खुंटीवर. पिटुकलीचे लाल. तिने दोन्हींना तीनतीनदा बोट लावून पाहिले आणि मुकाट्याने कोट उतरवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शुक्रवारी इस्त्रीवाली दाढ काढून घ्यायला गेली. मुले वर खेळत होती. नाव ओळखता येतंय तिला आता, असे स्वतःला बजावून मी लाल बटण कापले, केरात टाकले आणि पट्टी छातीवर शिवली.

सुटताना पिटुकली खुंटीपुढे उभी राहिली. कोट समोर होता, पण तिच्या लेखी तो तिचा नव्हता. आई तो घालू लागताच ती किंचाळत सुटली. शेवटी आईने तिला स्वतःच्या शालीत गुंडाळून नेले. सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही.

वहीत मी लिहिले, 'कोटाचे बटण तुटले.' हे, माझे यजमान, वारले त्या सकाळी मी त्यांच्याशी भांडले होते, तेही मी लिहून ठेवले आहे. बावन्न वर्षांच्या वह्यांतले हे पहिले खोटे.

बुधवारी सुजलेला गाल घेऊन इस्त्रीवाली परतली. खुंटीवरचा कोट तिने उलटून पाहिला. "टाके तुमचे दिसतात."

"मीच कापलं. बघवेना मला."

"काय बघवेना?"

"ती तुमच्याजवळ येते ते."

"माझ्याजवळ? अहो, ती मला अजून 'बटण' म्हणून हाक मारते! तुमचं नाव तरी घेते." गाल दाबत ती बाकावर बसली. "आता तसलं लाल नाही माझ्याकडे. जोडी लागेल, एक खुंटीला, एक कोटाला."

"जोडी मी आणते."

गुरुवारी आम्ही दोघी पिटुकलीच्या घरी गेलो. कोटावरचे नवे राखाडी बटण आणि माझ्या तळहातावरची त्याची जोडी तिने तीनतीनदा तपासली. मग बाह्यांत हात घातले आणि हसली. आधी इस्त्रीवालीकडे बघून, नंतर माझ्याकडे. हा क्रम मी तसाच नोंदवला आणि मागच्या पानावरचे 'तुटले' खोडून 'मी कापले' असे लिहिले.

त्याखाली त्या संध्याकाळची नोंद: यांच्या राखाडी ओव्हरकोटाला आता तीनच बटणे. वरची दोन नाहीत.