दाराची राखण

आमच्या बाजारात जुनी दारं विकणारा एक इसम आहे. गिऱ्हाईक दिसलं की तो शुद्ध मराठीत थापा मारतो. सासूची खुर्ची त्यानं पोर्तुगीज कप्तानाची म्हणून खपवली.

एकदा मुंबईच्या ज्यू संग्रहालयातल्या बाई आल्या. त्याच्याकडच्या एका चौकटीला ज्यू कुटुंबानं ठोकलेली, प्रार्थनेची गुंडाळी असलेली नळी होती. आता कुठला राजा काढतो, म्हणून मी थांबलो.

त्यानं नळीपुढे नारळ ठेवून, देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, तुझी भाषा माका येणा नाय. ही बाय तुका काचेच्या कपाटात ठेवतली. थंय दार नाय, तरी राखण सोडू नको."

"व्हय म्हाराजा," मी सवयीनं म्हटलं. बाईही म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या घरातली?"

"माका म्हायत नाय, बाय."

खरं बोलताना त्याला शुद्ध मराठी लागली नाही.