कोरडा सांडवा

ती केस आठवली की आजही माझी मान आधी खाली जाते, मग ताठ होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. तिथल्या एका बागाईतदाराने नाल्यावर स्वतःचा मातीचा बंधारा घातला होता. बागेला पाणी आणि पाहुण्यांना नौकाविहार. दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंधारा फुटला. खालच्या चार वावरांतला भाजीपाला मातीसकट गेला.

मालकाने फिर्याद दिली, शेजारच्या शेतकऱ्याने पाण्याच्या भांडणातून भराव फोडला. भांडण खरं होतं. त्या दिवशी तो फावडं घेऊन तिथे दिसलाही होता. "वावरातलं पाणी काढाया गेलतो, सायेब," एवढंच तो म्हणत राहिला. मी कसला ऐकतोय. बेड्या घालून भर गावातून आणला. गावाने त्याच्या घराशी बोलणं टाकलं.

चौथ्या दिवशी त्याच गावची, पंचवटीत भाजी विकणारी एक मावशी ठाण्यात आली. पाटी खाली ठेवून म्हणाली, "रोज सांडव्याच्या पाण्यातनं लुगडं वर धरून जाते मी. त्या दिवशी दुपारी पाय बी भिजला नाय. येवढा पाऊस, आन् सांडवा कोरडा कसा?"

जास्तीचं पाणी सांडव्यातून जातं, म्हणून मातीचा भराव टिकतो. सांडवा बंद केला तर पाणी भरावावरून वाहणार आणि माती घेऊन जाणार. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून हे मला सुचू नये? लाज वाटली. तशीच जीप काढली. सांडव्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी ताजी चिकणमाती थापलेली होती आणि तिच्यात फळ्यांच्या कडांचे ठसे होते. पंचनामा केला.

मालकाच्या नावाड्याला बोलावलं, चहा दिला. सांडव्याला फळ्या लावल्यास का, असं विचारलंच नाही. सरळ म्हणालो, "फळ्या कुठे ठेवल्यास?"

"बंगल्याच्या मागं," तो बोलून गेला आणि डोकं धरून बसला. रविवारी पाहुणे यायचे होते, पाणी चढून होडी बंगल्याच्या पायऱ्यांना लागायला हवी होती. म्हणून मालकानेच सांडवा बंद करायला लावला होता. मालकाला समोर बसवून हे ऐकवलं, तेव्हा त्याचा तोरा दहा मिनिटांत उतरला. खोटं कशाला बोलू, मला भारी आनंद झाला.

शेतकऱ्याच्या हातात सुटकेचा कागद देऊन मोकळं होता आलं असतं. पण त्याला बेड्यांत सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याला जीपमध्ये शेजारी बसवून गावात नेलं आणि पारापाशी मोठ्याने सांगितलं की बंधारा याने फोडला नाही, चूक माझी होती. मग ज्यांची वावरं वाहून गेली होती त्यांच्यातला एक म्हातारा पुढे आला आणि शेतकऱ्याचा हात धरून म्हणाला, "चल, घरी चहा घे."

पुढे नोकरीत बक्षिसं मिळाली, पण तेवढं जिंकल्यासारखं पुन्हा वाटलं नाही. अटक चारचौघांत केली असेल तर चूकही चारचौघांतच कबूल करायची, हे मी त्या गावात शिकलो.