दोन काडेपेट्या

माझ्या सासऱ्यांचे पुढचे दोन दात मी पाडले. गावात कुणी तोंडावर विचारलं तर मी नाकारत नाही, मुद्दाम पाडले नाहीत एवढंच सांगते. ते तरी खरं आहे का, मलाच नीट माहीत नाही.

भांडण हरभऱ्यावरून झालं. त्या वर्षी सोयाबीन पावसात कुजून गेलं होतं. घरची वर्षाची डाळ आणि पुढच्या पेरणीचं बी, दोन्ही यायचं ते मळ्यातल्या तीन एकर हरभऱ्यातून. मामा, म्हणजे माझे सासरे, औषध फवारायचे ते अमावस्येलाच. अंधाऱ्या रात्री पतंग पानांवर अंडी घालतात, म्हणून अमावस्या धरायची आणि मग थेट पुढची अमावस्या. थंडी कडक पडायची तोवर हे चालून गेलं. गारठ्यात अळी रेंगाळते, तिचं खाणंही मंद होतं. पण त्या पौषात घरात पंखे फिरत होते आणि दुपारी बांधावर पाय भाजत होते. फवारणी होऊन चारच दिवस झाले असतील, मला शेंड्यांवर दोऱ्याएवढ्या नव्या अळ्या दिसल्या.

मामांना सांगितलं.

"आवस येऊ दे," ते म्हणाले. "आमी जलमभर आवसेलाच फवारलं. तू काल आलेली, मला शिकवून राहिली व्हय?"

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझं डोकं फिरलं.

मी अळ्या आणून काडेपेटीत ठेवल्या. पहिल्यांदा चुकून एकाच पेटीत दोन घातल्या. सकाळी पाहते तर एकीचं डोकं तेवढं उरलेलं, बाकीची दुसरीच्या पोटात. हरभऱ्याचे घाटे, म्हणजे शेंगा, पोखरणारी ही घाटेअळी आपल्याच जातीला फाडून खाते, हे मला तेव्हा कळलं. मग दोन पेट्या केल्या, प्रत्येकीत एकच अळी. एक चुलीवरच्या फळीवर, उबेला. दुसरी रांजणाच्या बुडाशी, गारव्याला. दोघींना रोज सारखाच कोवळा पाला. सहा दिवसांनी उघडल्या, तर रांजणाजवळची जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी आणि चुलीवरची तिच्या तिप्पट, गुबगुबीत.

दोन्ही पेट्या मामांपुढे धरल्या. "मामा, तुमची आवस चंद्र बघून येती. ही ऊन बघून वाढती. तुमच्या आवसेपातूर ही घाटे फोडून मातीत कोष करंल, न् तिचे पतंग पुन्हा अंडी घालतीन. बारीक हाय तोवर मारू."

मामांनी पेट्या हिसकल्या, खाली टाकल्या आणि टाचेनं चिरडल्या. फरशीवर हिरवा डाग उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप पाठीवर घेतला आणि मळ्यात गेले. मामा मागून आले, त्यांच्यामागं माझा नवरा. मी हरभऱ्यात शिरले तशी मामांनी फवाऱ्याची नळी धरली.

"काहून ऐकत न्हाई तू?"

मी ओढली, त्यांनी ओढली. मग मी सगळा जोर लावून ती त्यांच्याकडंच लोटली. नळीचं पितळी तोंड त्यांच्या दातांवर आपटलं. मामा हरभऱ्यात पालथे पडले. फाटल्या ओठाला हरभऱ्याच्या पानांवरचा आंबट दव, आंब, झोंबली आणि ते गुरासारखे ओरडले. नवऱ्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला. मी ढेकूळ उचलून त्याच्या बरगडीत घातलं. या झटापटीत पंप उलटा झाला आणि सगळं औषध मातीत मुरलं.

त्या हरभऱ्यावर पुन्हा फवारा पडला तो अमावस्येलाच. तोवर अळ्या पोसून मोठ्या झाल्या होत्या, घाट्यांत माना खुपसून बसल्या होत्या. औषधानं त्या ढिम्म हलल्या नाहीत. खळ्यावर नुसते पोकळ घाटे आले. बी मी माहेराहून आणलं. मामा आणि मी वर्षभर एकमेकांशी बोललो नाही. तीन एकर गेले तरी मी खरी ठरले याचा मला आनंद झाला होता. त्याची आता लाज वाटते.

पुढच्या पौषातही थंडी पडली नाही. एका सकाळी भाकरी करायला बसले, तर चुलीवरच्या फळीवर काडेपेटी. मी ठेवली नव्हती. उघडली तर आत एक अळी फुगून पडलेली आणि शेजारी दुसरीचं डोकं. मान वर केली तर मामा दारात उभे.

"मामा, दोघींना एका पेटीत ठिवत न्हाईत," मी म्हणाले. वर्षभरात त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मामांनी जिभेनं दातांची फट चाचपली.

"व्हय. कळलंय मला ते," ते म्हणाले. "आवसेला अजून दहा दिस हायेत. चल, पंप भरून ठिवलाय."