कप्तानाची खुर्ची

माझ्या धाकट्या दिराला धक्क्यावरचे सगळे लोक कप्तान म्हणतात. त्याला तो मान वाटतो, आणि लोक तसे वाटू देतात.

काम काय, तर नदीच्या या काठावरची माणसे त्या काठाला पोचवायची. बोटीच्या मागे आउटबोर्ड इंजिन, आणि चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला एक दांडा. दांडा पुढे ढकलला की गिअर पडतो आणि वेग वाढतो, मधे आणला की न्यूट्रल, मागे ओढला की रिव्हर्स. सकाळची खेप माझी धाकटी जाऊ नेत असे, उभी राहून. कप्तानाला उभे राहणे कमीपणाचे वाटले. त्याने कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतली हातांची खुर्ची आणली आणि लाकडी खोके ठोकून त्यावर बसवली. दांड्याकडून इंजिनाकडे जाणारी केबल खोक्याच्या आड येत होती. ती त्याने दुमडून खोक्याखाली दाबली आणि वरून पट्ट्या मारल्या.

त्यानंतर दांडा जड झाला. जावेचे मनगट सुजले.

"हातात जोर नाही तुझ्या," कप्तान म्हणाला. मग त्याने दांड्याला ग्रीस फासले, इंजिनाला फासले, स्वतःच्या पँटला तर सढळ हाताने फासले. दांडा तसाच.

मी म्हटले, "भावजी, खुर्ची बसवली तेव्हापासूनच हे सुरू झालंय ना?"

"वहिनी, तुम्ही आपली इंग्रजी पुस्तकं वाचा. मशीनचं मला सांगू नका."

पुढच्या आठवड्यात परवान्याचा निरीक्षक येणार होता. बोट धक्क्याला नीट थांबली नाही तर परवाना जाणार, आणि त्या घराला दुसरी मिळकत नाही. जावेने नवऱ्याला सरळ सांगितले, "अहो, अंदाज बास झाले. केबल सोडून बघू या."

तिने केबल आधी इंजिनाकडून सोडली. इंजिनावरची गिअरची आणि वेगाची कडी एका बोटाने हलली. मग दांड्याकडून सोडली. दांडाही लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला.

"इंजिन ठीक, दांडा ठीक. उरली केबल. ती खोक्याखाली दुमडून दबलीय. खुर्ची काढा."

"खुर्ची काढून मी काय उभा राहू? लोक काय म्हणतील?"

"लोक चढतील आणि उतरतील. त्यांना दुसरं काम नाही का?"

समोर दिसत असलेले मान्य करायलाही थोडी अक्कल लागते. कप्तानाने केबल होती तशी जोडली आणि बाजारातून लोखंडी नळी आणली. ती दांड्यावर चढवली की दांडा लांब होतो आणि जोर कमी लागतो, हा त्याचा शोध. दोन दिवस तो हा शोध जो भेटेल त्याला समजावत होता.

निरीक्षक आला. कप्तान खुर्चीत, जाऊ दोर घेऊन पुढे, मी धक्क्यावर. जाताना ठीक गेले. परतताना धक्का जवळ आला, त्याने दांडा मधे ओढला, तो येईना. दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा नळी निसटून हातात आली आणि कप्तान खुर्चीत उताणा. बोट धाडकन धक्क्यावर. निरीक्षक गुडघ्यांवर पडला. जावेने धावत जाऊन इंजिन बंद केले.

"परवाना तुमच्या नावावर?" निरीक्षकाने पँट झटकत विचारले.

"हो. हा धक्काच चुकीच्या जागी बांधलाय, साहेब."

"होता तुमच्या नावावर. मी रद्द करतोय. ज्याला बोट थांबवता येते त्याने अर्ज करावा."

त्याच दुपारी जावेने पाना घेतला. खुर्ची उतरवली, खोके फोडले. नवी केबल बोटीच्या कडेने मोठ्या वळणाने नेली, कुठे घडी नाही, कुठे दाब नाही. अर्ज स्वतःच्या नावाने केला. निरीक्षक पुन्हा आला तेव्हा तिने उभ्याने बोट आणली, दोन बोटांनी दांडा न्यूट्रलला घेतला, आणि धक्क्याला लागल्याचे निरीक्षकाला कळलेसुद्धा नाही. परवाना तिला मिळाला.

कप्तान गावभर सांगत सुटला, "मीच तिला पुढं केलं. बायकांना संधी द्यायला हवी."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. पानावर बसता बसता तो ऐटीत म्हणाला, "उद्या पहिली खेप मी नेतो."

जावेने त्याच्या पानात वाढता वाढता विचारले, "तुमच्याकडे परवाना आहे?"

त्याला ठसका लागला. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही.