औषधाचा डबा

"धुतलाय की. पी."

क्लासचे सर माझ्या मायला म्हणाले. त्यांनी पुढं केलेला प्लास्टिकचा डबा औषधाचा होता. झाड मारायच्या औषधाचा. आमच्याकडं विषालाही औषधच म्हणतात.

भूकंपात घर पडलं, त्यात बाप गेला. माय मला घेऊन लातूरला आली. मला डॉक्टर व्हायचं होतं. सर म्हणाले, फी माफ, पण माझ्या नव्या वसतिगृहाच्या प्लॉटवरची वेडी बाभूळ तुम्ही दोघींनी काढायची. माय खोड तोडायची. तोडलं की लगेच मी बुडख्यावर ब्रशनं औषध फासायची. उशीर झाला तर ते आत मुरत नाही, पावसाळ्यात पुन्हा फुटवे येतात. सकाळी क्लास, दुपारी बाभूळ. कितीही हात धुतले तरी वह्यांना तोच उग्र वास. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की क्लासातली सीट गेली.

आम्ही बौद्ध. गावात आमचं पाणी वेगळंच होतं. शिकलेल्या माणसाकडं तसं नसेल, असं मला वाटायचं.

त्या दिवशी सर क्लासच्या पोरापोरींना प्लॉट दाखवायला घेऊन आले. सोबत थंड पाण्याचा जार, पेले. मायनं पाणी मागितलं. तिचा हात पेल्याकडं जाताच सरांनी पेला बाजूला घेतला. तिथंच पडलेला रिकामा डबा उचलला, विसळला, भरला. माझ्या बाकावर बसणाऱ्या पोरी बघत होत्या.

मायनं डबा घेतला. माझ्या सीटपायी घेतला. ते कळत होतं म्हणून जास्त लागलं. तिनं तो तोंडाशी नेला तसा मी हिसकावला आणि फेकून दिला.

"माजलीस का गं?" सर म्हणाले. "उद्यापासून क्लासला यायचं नाही."

वाटेत माय रडत होती. "घोटभर पेले असते तर काय मेले असते का, बाई?"

"हाव. मेलीच असतीस."

मग एकदा सरांचा शिपाई घरी आला. "माफी माग म्हनलेत. सीट हाय अजून."

"सरला सांगा," मी म्हणाले, "माफी त्यांनी मागायची हाय. माझ्या मायची. इथं येऊन."

ते आले नाहीत. मी डॉक्टर झाले नाही. ती सल जात नाही, जाणारही नाही. पण आजही कुणी माझ्यापुढं वेगळा पेला ठेवला, की मी तो त्याच्याच पुढं सरकवते आणि सांगते, आधी तू पी.