देवीकडे पाठ

आमच्या ह्यांना रेडिओचं भारी वेड. डहाणूच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या, त्यात ह्यांनी एक जुनं दार आणून उभं केलं, मध्ये भोक पाडलं आणि त्यात स्पीकर बसवला. पेटी नाही की काही नाही, पाठ उघडीच. भिंतीला टेकवलं की बातम्या सांगणारा रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा, म्हणून दार आलं खोलीच्या मधोमध. "अहो, संसार करायचाय की दारं राखायचीत?" मी तणतणायची. पण आवाज मोकळा झाला, हे मेलं कबूल करावंच लागे.

एकच खोड होती. आवाज पुढे जायचा तसाच मागेही जायचा, आणि दाराच्या कडेसमोर बसलं की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकायचे. मी नेमकी तिथेच कणीक मळायची. गाण्यातली ढोलकी गायब! बाकीचं ऐकू यायचं, कारण भिंती आवाज परत पाठवायच्या.

जवळच्या आगर गावाहून मासे घेऊन येणारी मावशी टोपली उतरवून हे कौतुक बघत बसायची. तिचा एकुलता एक मुलगा होडीवर जाई. एकदा ती म्हणाली, "दादा, आमच्या किनाऱ्यावर लाव ना असं. वादळाची खबर तरी कळेल पोरांना." हे एका पायावर तयार. गावच्या बॅटरीवरच्या रेडिओला तारा जोडून देवीच्या देवळापुढच्या वाळूत दार रोवलं, तोंड समुद्राकडे. "हलवू मात्र नका," एवढं बजावून आले.

हलवलंच. त्याची पाठ देवीकडे येत होती ना! देवळातून उलट्या पावलांनी बाहेर पडणारी माणसं ती, त्यांना हे कसं खपावं? कुणीतरी दार पाव फेरा फिरवलं. आता तोंड एका अंगाला बोंबील वाळवायच्या बांबूंकडे, पाठ दुसऱ्या अंगाच्या बांबूंकडे. दोन्हीकडच्या बायकांना खणखणीत ऐकू येई, त्यामुळे सगळं झकास चाललंय असंच गाव धरून चाललं. होड्या सुटायच्या त्या पाण्याकडे फक्त दाराची कड होती. आणि किनाऱ्यावर कुठल्या आल्यात भिंती?

दिवाळी उलटून गेली होती. मावशीच्या आग्रहावरून मी त्या दिवशी आगरला गेले होते. उन्हं कलली होती, हवा कोंदलेली, आभाळात एक पाखरू दिसेना. आम्ही बोंबील काढत असताना रेडिओ बोलला. वादळ येतंय, होड्या बाहेर काढू नका. मावशीने देवळाकडे हात जोडले. "बरं झालं बाय, निघायच्या आधी कळलं." आम्ही पुन्हा कामाला लागलो.

मान वर केली तेव्हा शिडं पार लांब गेली होती.

मावशी धावली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिने हाका मारल्या, पदर हलवला. तिचा मुलगा लाटांच्या आवाजात कुठला वळून बघतोय! "बहिरा झालास का रे मेल्या!" ती किंचाळली.

रात्रभर वारा घोंघावला. पुढे मोडक्या होड्या एकेक करून परत आल्या, तिच्या मुलाची आली नाही. परतलेले सांगत होते, रेडिओ चालू होता हेच मुळी त्यांना ठाऊक नव्हतं.

हे आगरला गेले, मी बरोबर होते. दार बघताच ह्यांचा चेहरा उतरला. कड कुठे आहे ते ह्यांनी मावशीला बोट करून दाखवलं आणि दार उपटायला वाकले. पाठ देवीकडे होईल, असं आता कुणीही म्हणालं नाही.

"थांब दादा," मावशी म्हणाली.

होडी सुटायची त्या जागी ती एकटी जाऊन उभी राहिली. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, बांबूंपाशी आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ती बराच वेळ तिथे कान देऊन उभी होती. मग परत आली.

"फिरव आता," ती ह्यांना म्हणाली. "माझा पोर बहिरा नव्हता."